माल बघितल्याशिवाय सही नाही

शरद मानकर डॉक्टर नव्हते. कॉटन ग्रीनच्या एका गोदामाच्या ऑफिसात ते आयुष्यभर क्लार्क होते आणि हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. खोताच्या वाडीला पाठ लावून उभ्या असलेल्या आमच्या इमारतीत हे पाळण्यातल्या पोरालासुद्धा माहीत होतं. तरीही एक वर्ष असं आलं की लोक त्यांना जिन्यात अडवून जीभ दाखवायचे.

त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर. मी फारशी कुणाशी बोलणारी नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं आणि त्यातलंही निम्मं मी गिळायचे. मानकरकाकांना गप्प माणसाचा त्रास व्हायचा नाही, कारण त्यांच्याकडे बहुतेक वेळा वाचायला काहीतरी असायचं. गॅलरीत खुर्ची टाकून ते छापलेलं काहीही वाचत: बिस्किटाचा पुडा, छत्रीची चिठ्ठी, जिन्यातल्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना. नवी वस्तू हातात आली की आधी उलटी करायचे. "पुढची बाजू विकणाऱ्याची," म्हणायचे, "मागची बाजू आपली."

ही सवय गोदामातली. तिथून माल बाहेर पडायचा तो त्यांच्या सहीने. बाकीचे क्लार्क टेबलावर बसून सह्या करायचे. हे उठून गोदामात जायचे, कापसाच्या गासडीत मनगटापर्यंत हात घालायचे, वास घ्यायचे आणि मग सही करायचे. एकदा साहेब म्हणाले, "मानकर, करून टाका हो सही, पार्टी ओळखीची आहे." मानकर म्हणाले, "पार्टी ओळखीची आहे साहेब, गासड्या ओळखीच्या नाहीत." गेले, पुढची रांग हलवायला लावली, तर मागे सगळा भिजका, कुजका माल. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत की शेवटचं वाक्य स्वयंपाकघरातून सुमनकाकूच म्हणायच्या, "माल बघितल्याशिवाय सही नाही! कळलं. आता ताटं घ्या."

काकू त्यांच्या पत्नी. नवऱ्याबद्दलचं त्यांचं मत सगळ्या मजल्याला पाठ होतं. "चेहरा हायकोर्टाच्या जजाचा, पण बोंबील आणायला पाठवले तर शिळे घेऊन येतील." चेहरा मात्र खरंच तसा होता. मागे वळवलेले पांढरेशुभ्र केस, भरघोस पांढरी मिशी आणि जड पापण्या. त्या पापण्यांमुळे ते नुसते भाजीवाल्याकडे बघत असले तरी विचार करून निकाल देतायत असं वाटायचं.

मी लोअर परळला एका जाहिरात कंपनीत काम करते. जिथे आमचं ऑफिस आहे तिथे पूर्वी गिरणी होती. चिमणी अजून उभी आहे, खाली कॉफी मिळते. सगळे इंग्रजीत लिहितात आणि त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे येतं, कारण तिथे मराठी आडनावाची मी एकटीच. नातेवाइकांनी विचारलं तर मी "मीडियात आहे" असं सांगायचे. काकांनी मात्र सरळ विचारलं, "म्हणजे काय करतेस?" मी फोनवर एक ओळ दाखवली. कुठल्याशा क्रीमची होती: तुमच्या त्वचेला द्या तिच्या हक्काचं प्रेम.

त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"त्वचेला प्रेम द्यायचं? मग सासूला काय द्यायचं?"

"काका, ते इंग्रजीत तसंच आहे."

"ते दिसतंच आहे. हे मराठी नव्हे बाळा, इंग्रजीला नऊवारी नेसवलीय. चालताना अडखळणार ती."

तेव्हापासून माझ्या ओळी त्यांच्या गॅलरीतून जायला लागल्या. ते दुरुस्त करत नसत, फक्त मोठ्याने वाचत. वाचताना जिथे त्यांची मिशी हलायची तिथे चूक आहे हे मला कळायचं.

एकदा मी त्यांना म्हणाले की मला या कामाची लाज वाटते. लोकांना नको असलेलं आम्ही हवंसं करून विकतो. इतकं सलग मी त्यांच्याशी प्रथमच बोलले असेन. ते चिडले.

"लाज कसली? माझ्या वडिलांना चष्मा लागलाय हे कुणी सांगितलं माहितीय? डॉक्टरने नाही, आईने नाही. ट्राममधल्या पाटीने. एका चष्मेवाल्याची पाटी होती. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली आणि शेवटी, हे वाचता येत नसेल तर आमच्याकडे या. वडील म्हणाले, शेवटी काही लिहिलेलंच नाही. शेजारच्याने वाचून दाखवलं. तोपर्यंत घरात रोज भांडण! तांदळात खडे नाहीतच असं ते आईला ठामपणे सांगायचे." मग शांत होऊन म्हणाले, "जाहिरात म्हणजे हाक. हाक मारणं हा काही गुन्हा नाही. फक्त हाक मारलीस तर घरात माणूस असला पाहिजे."

त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. पुढे त्यांना हेच कुणीतरी सांगायला हवं होतं, तेव्हा मला ते सांगता आलं नाही. त्यांच्या हाकेमागे घरात माणूस नव्हता.

खोताच्या वाडीत, म्हणजे गिरगावातल्या त्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, सारखं कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन येतं. लाकडी सज्जे, रंगीत खिडक्या, फोटो छान येतात. असंच एकदा शूटिंग चालू असताना लाइटवाल्याने वायरींचं भेंडोळं क्रुसाच्या चौथऱ्यावर ठेवलं. मानकरकाका हिंदू, पण वाडीच्या क्रुसाशी त्यांचं लहानपणापासूनचं नातं. ते त्या माणसाला झापत होते. आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून. ते सगळं बघत उभी असलेली शूटिंगवाल्यांची एक मुलगी पुढे आली.

"सर, आप डॉक्टर हो?"

"नाही."

"बनोगे?"

घरी येऊन त्यांनी मला विचारलं, "जाहिरातवाल्यांचं असं नेहमीचंच असतं ना गं, कुणालाही डॉक्टर करायचं?" मी हो म्हणाले. नेहमीचंच असतं. काकू म्हणाल्या, "घरात तापाची गोळी कुठल्या डब्यात आहे ते माहीत नाही, निघाले डॉक्टर व्हायला!" काकांनी स्वतःचं समाधान असं केलं की जाहिरातीतल्या कोटावर नाव नाही, त्यामुळे मी डॉक्टर आहे असं कुणी म्हणतच नाहीये. पण खरं कारण वेगळं होतं असं मला वाटतं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी सही मागितली नव्हती.

परळच्या स्टुडिओतून ते संध्याकाळी परत आले ते गालावर पावडर तशीच ठेवून. गॅलरीत आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी पुन्हा प्रयोग केला. कोट फार मोठा होता म्हणून मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. "पुढून सर्जन, मागून धोब्याची दोरी!" वाक्य एकच होतं: माझ्या पेशंटना मी हेच सांगतो. डायरेक्टर म्हणत होता, हृदयातून येऊ द्या. काका म्हणाले, "हृदय कसं चालेल? मी शुगरचा डॉक्टर." आम्ही हसलो. मग त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. हातात धरायला दिलेली डबी रिकामी होती. भरलेली असली की बोटं ताणल्यासारखी दिसतात म्हणे. मला आठवतंय, तीही गंमत म्हणूनच सांगितली आणि आम्हीही हसलो.

डबीत मधुमेहावरचं चूर्ण असायला हवं होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते अजून दुकानात मिळतं आणि नाव छापणं हीसुद्धा जाहिरातच.

जाहिरात आली. टीव्हीवर, फोनवर आणि आमच्या बसस्टॉपवर माणसापेक्षा मोठी. काका डोळे किंचित मिटून हसतायत, गळ्यात स्टेथोस्कोप, तळहातावर डबी. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी चेष्टा केली. नंतर चेष्टा हळूहळू थांबली. कोळीण त्यांना मासे देताना म्हणाली, "डॉक्टर, गुडघा धरलाय बघा." ती त्यांना वर्षानुवर्षं शिळे बोंबील विकत आली होती. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी रिपोर्ट वर पाठवले. ज्यांना ते क्लार्क आहेत हे ठाऊक होतं तेच लोक हे करत होते. मी आधी समजायचे की जाहिरात अनोळखी माणसांना फसवते. पण इथे लोक डोळे उघडे ठेवून, अर्धवट हसत, तरीही जीभ बाहेर काढून उभे होते.

सुरुवातीला ते म्हणायचे, "अहो, मी कुठला डॉक्टर!" मग म्हणायला लागले, "मी डॉक्टर नाही, पण पाणी भरपूर प्या." मग नुसतंच, "पाणी भरपूर प्या. दही रात्री टाळा." दूध आणायला ते इस्त्रीचा शर्ट घालून उतरू लागले. काकू म्हणाल्या, "आता फक्त पाटी लावायची राहिलीय." ते रागावले नाहीत, हे मला खटकलं. काकूंच्या टोमण्यावर रागवायचं आणि मग हसायचं हा त्यांचा रोजचा व्यायाम होता.

फिलोमिनाआंटींनी मात्र त्यांना कधीच काही विचारलं नाही.

आंटी वाडीत राहायच्या, आमच्या मागच्याच घरात. काका आणि त्या एकाच गल्लीत वाढलेले. नाताळात त्यांच्याकडून ताट यायचं, गणपतीत मोदक जायचे आणि वर्षभर दोघं एकमेकांना नावं ठेवायचे. त्यांना बरीच वर्षं शुगर होती. एक दिवस कळलं की त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. पायाला झालेली जखम चिघळली, शुगर प्रचंड वाढलेली निघाली आणि डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बऱ्याच दिवसांपासून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. चूर्ण घेत होत्या.

त्या घरी आल्यावर काका भेटायला गेले. मला म्हणाले, "तूही चल." का ते सांगितलं नाही. आंटी खिडकीजवळ बसल्या होत्या, पाय स्टुलावर, पांढऱ्या पट्टीत.

"ये डॉक्टर," त्या म्हणाल्या. "बघ, नेलपॉलिशचा खर्च कमी झाला."

काका बसले नाहीत. दारातच उभे राहिले.

"फिलू, मी डॉक्टर नाही हे तुला माहीत होतं."

"मग? मी काय येडी हाय? शास्त्रात नापास होऊन तू आमच्या मागच्या दारी लपलेला, तुझा बाप काठी घेऊन शोधत होता, ते मी नाय बघितलं?"

"मग घेतलंस कशाला ते?"

आंटींना त्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं.

"डॉक्टर म्हणून नाय घेतलं रे. तू हायस म्हणून घेतलं. तू मटण घेताना पण बकऱ्याचं नाव-गाव विचारतोस. मी बोलली, शरद बोलतो म्हणजे बघूनच बोलत असणार. तुला काय विचारायचं त्यात?"

खिडकीतून कुठल्यातरी शूटिंगचा आवाज येत होता. काका आंटींच्या पायाकडे बघत होते आणि मी काकांच्या चपलांकडे. त्यांनी त्या दारात काढल्या नव्हत्या. त्या घरात ते कधीच चपला घालून उभे राहत नसत.

परत येताना त्यांनी औषधाच्या दुकानातून डबी विकत घेतली. भरलेली डबी त्यांच्या हातात प्रथमच येत होती. गॅलरीत बसून त्यांनी ती उलटी केली. मागची अक्षरं इतकी बारीक होती की भिंगातूनही त्यांना लागेनात, आणि इंग्रजीत होती. त्यांनी डबी माझ्यासमोर धरली. मी वाचलं. हे औषध नव्हे, कोणत्याही रोगावरचा उपचार म्हणून वापरू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चालू औषधं बंद करू नयेत.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. माझे इंग्रजी उच्चार स्वच्छ आहेत, शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. त्या दिवशी त्या स्वच्छ उच्चारांचा मला तिटकारा आला. काकांनी डबी सरळ केली. पुढच्या बाजूला ते स्वतः होते, छोटे, हसरे.

"आयुष्यभर मागची बाजू वाचली," ते म्हणाले, "आणि जाऊन बसलो कुठे, तर पुढच्या बाजूला."

दुसऱ्याच आठवड्यात ते ज्यांनी जाहिरात केली त्यांच्या ऑफिसात गेले. मला बरोबर नेलं, म्हणाले, "तुला त्यांची भाषा येते." भेटलेला मुलगा माझ्याच वयाचा, अतिशय नम्र. त्याने कॉफी मागवली. काका म्हणाले, "माझा चेहरा काढून टाका."

"सर, क्लायंट किती खूश आहे तुमच्यावर! दुसरी फिल्म प्लॅन होतेय. त्यात तुमचं क्लिनिकच दाखवतोय."

"बाईच्या पायाची बोटं गेली."

मुलाचा चेहरा पडला, खोटं कशाला सांगू. "सॉरी सर. पण ॲडमध्ये आजोबा खोटे असतात, आई खोटी असते. डॉक्टर पण ॲक्टरच. पब्लिकला माहीत असतं."

"खोट्या आजोबांचं ऐकून कुणी गोळ्या सोडत नाही." काकांनी डबी टेबलावर ठेवली. "यात काय आहे ते तुमच्यापैकी कुणी बघितलं होतं?"

"ते क्लायंटचं डिपार्टमेंट, सर."

"हं. मीही नव्हतं बघितलं," काका म्हणाले. "म्हणून विचारलं."

मग तो मुलगा माझ्याकडे वळला, तुम्ही कुठे काम करता म्हणून विचारलं. मी सांगितलं. आमच्या ऑफिसातली एक मुलगी त्याची मैत्रीण निघाली. आम्ही इंग्रजीत बोलायला लागलो, तिच्याबद्दल, मग दोघांनाही माहीत असलेल्या एका बॉसबद्दल, आणि मी हसले. त्या ऑफिसात मला माझं ऑफिस वाटत होतं. तेच टेबल, तीच कॉफी, भिंतीवरच्या त्याच चिठ्ठ्या. लक्षात आलं तेव्हा काका खुर्चीच्या कडेवर डबी मांडीवर घेऊन बसले होते, आमचं हसणं संपायची वाट बघत, एखाद्या परक्या घरी पाहुणे आल्यासारखे.

करार झाला होता, चेहरा कंपनीचा होता. मग काकांनी स्वतःचा मार्ग काढला. रोज सकाळी ते बसस्टॉपवर स्वतःच्या चित्राशेजारी उभे राहू लागले. येईल त्याला सांगायचे, "हा मीच. मी डॉक्टर नाही. हे घेऊ नका, गोळ्या सोडू नका." हाक मारून माणसं बोलवावीत तसे ते हाक मारून परत पाठवत होते.

लोकांना ते फार आवडलं. कॉलेजच्या मुली किंचाळल्या, "हेच ते!" आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून फोटो काढून गेल्या. कुणीतरी व्हिडिओ केला. काका मान हलवून कळकळीने काहीतरी सांगतायत, मागे त्यांचंच हसरं चित्र. त्यांचा आवाज काढून तिथे गाणं घातलं आणि वर लिहिलं, पेशंटसाठी रस्त्यावर उतरलेले डॉक्टरसाहेब. आमच्या ऑफिसातही तो फिरला. कुणीतरी म्हणालं, "याला म्हणतात खरं कॅम्पेन." मी मान खाली घालून टाइप करत राहिले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने काकांना हाक मारून सांगितलं, "काका, तुम्ही उभे राहता ना, तेव्हापासून माल उरतच नाही. नवीन बॉक्स मागवलाय."

त्या दुपारी ते गिरगावातल्या त्यांच्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेले आणि डोकं तासून आले. मिशीसकट.

आपल्याकडे घरात माणूस गेल्याशिवाय कुणी मिशीसकट डोकं भादरत नाही. ते जिना चढून येईपर्यंत तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली होती. कुणी हळूच रेडिओ बंद केला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून खालच्या आजी गरम खिचडीचं पातेलं पदराने धरून वर आल्या आणि सुमनकाकूंना दारात बघून घोटाळल्या.

"कोण गं गेलं?"

"मला काय विचारता? मी ही कुंकू लावून उभी आहे," काकू म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

काका खुर्चीत बसत होते. मिशी गेल्यावर त्यांचा वरचा ओठ किती पातळ होता ते दिसलं. त्या चेहऱ्यावर आता कसलाच निकाल नव्हता.

"डॉक्टर गेले," ते म्हणाले.

आजींना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी पातेलं आत ठेवलं. काकूंनी ती खिचडी तीन ताटांत वाढली, तिसरं झाकून त्यांनी वाडीत फिलोमिनाआंटींकडे पाठवलं. त्या दिवसापासून जिन्यात कुणी जीभ दाखवली नाही.

पुढे इमारत पाडायची ठरली आणि मानकर मुलीकडे डोंबिवलीला गेले. जायच्या आदल्या दिवशी काकांनी मला त्यांचं भिंग दिलं. म्हणाले, "तुमच्या धंद्यात कामाला येईल." टोमणा होता की आशीर्वाद, मला अजून ठरवता आलेलं नाही. भिंग माझ्या ऑफिसच्या खणात आहे. खण मी फारसा उघडत नाही.

पण मला ते आठवतात ते डोंबिवलीला जाण्याच्या थोडं आधीचे. मी सकाळी बसमध्ये खिडकीशी बसले होते. बस आमच्याच स्टॉपवर थांबून होती, पुढे गाड्या अडकल्या होत्या. काका स्टॉपवर होते, टकलावर नुकते खुंट आलेले. जवळ एक बाई उभी होती, काखेत हॉस्पिटलची फाइल. ती चित्राकडे मान वर करून बघत फोनवर कुणाला तरी चूर्णाचं नाव एकेक अक्षर करून सांगत होती.

"बाई, ते घेऊ नका," काका म्हणाले.

तिने फोन कानापासून दूर केला. "का हो?"

"उपयोग नाही त्याचा. तुमच्या गोळ्या चालू ठेवा."

बाईने त्यांच्या टकलाकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, मग वर चित्राकडे. पांढरे केस, मिशी, कोट.

"एवढे मोठे डॉक्टर सांगतायत," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

काकांनी तोंड उघडलं. तो मीच, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी वर स्वतःकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटलं. मग म्हणाले, "मी क्लार्क होतो. कॉटन ग्रीनला."

"अच्छा," बाई म्हणाली आणि फोन पुन्हा कानाला लावून बसमध्ये चढली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, ती तिथे बसली. चित्रातल्या डबीवरच्या नावातलं शेवटचं अक्षर तिचं राहिलं होतं, ते ती माझ्या खिडकीतून वाचायला वाकली. मला तिला खूप काही सांगता आलं असतं. मी खिडकीला आणखी चिकटून बसले.

पण ते अक्षर तिला दिसलं नाही. काका दोन पावलं मागे सरकले होते आणि चित्राला पाठ टेकून, चवड्यांवर उंच होऊन उभे राहिले होते. हसऱ्या डॉक्टरच्या तळहातावरची डबी त्यांच्या खुंट आलेल्या डोक्यामागे गेली होती. मला त्यांनी बघितलं असावं. एरवी ते हात करायचे, पण त्या दिवशी हात केला असता तर तोल जाऊन खाली यावं लागलं असतं. बस हलेपर्यंत ते तसेच उभे होते, टाचा उचलून.